तेल थोडं, समुद्र मोठा

2024 साली मुंबई हाय या समुद्री तेलक्षेत्राच्या शोधाला 50 वर्षं झाली. त्या निमित्ताने त्यावर लिहायला बसले, आणि मुंबई हाय बाजूला राहून मन भलत्याच ठिकाणी अडकलं. मोठं घबाड हाती लागलं की समुद्रात पोलादी मनोरे उभारायला कोणी मागेपुढे पाहत नाही. पण तेल आहे, फक्त मनोऱ्याचा खर्च निघेल इतकं नाही, अशा ठिकाणी काय करायचं? तेलवाले अशा ठिकाणाला सीमांत क्षेत्र म्हणतात. तिथे इंजिनिअरची खरी कसोटी लागते. ती लावणारं एक जुनं क्षेत्र म्हणजे ब्रिटनच्या हद्दीतलं, उत्तर समुद्रातलं अर्गाइल.

अर्गाइलचा शोध 1971 मधला. किनारा सुमारे 300 किलोमीटर दूर आणि पाणी साधारण 80 मीटर खोल, म्हणजे जवळपास मुंबई हायइतकंच. क्षेत्र हॅमिल्टन ब्रदर्स या अमेरिकन कंपनीकडे होतं. 1973च्या अखेरीस तेलसंकट आलं, तीन डॉलरचं पिंप काही महिन्यांत बाराच्या आसपास गेलं आणि न परवडणारं अर्गाइल परवडू लागलं. कंपनीने मनोरा बांधलाच नाही. ट्रान्सवर्ल्ड 58 नावाचा तरंगता ड्रिलिंग रिग घेतला, त्यावर तेल आणि वायू वेगळे करणारी यंत्रं बसवली आणि विहिरींची तोंडं सरळ समुद्रतळावर ठेवली. तळावरून पाइपने तेल वर येई आणि तिथून बोयाला बांधलेल्या टँकरमध्ये जाई.

जून 1975 मध्ये तेल आलं. ब्रिटिश समुद्रातलं ते पहिलं तेल. अर्गाइलच्या एक वर्ष आधी सापडलेलं अवाढव्य फोर्टीज क्षेत्र तेव्हा अजून मनोऱ्यांच्या कामात अडकलेलं होतं. ऊर्जामंत्री टोनी बेन यांनी 18 जूनला आयल ऑफ ग्रेनच्या रिफायनरीत झडप फिरवली आणि पहिला टँकर रिकामा होऊ लागला.

समारंभातल्या त्या झडपेपेक्षा मला समुद्रतळावरची झडप जास्त भावते. विहिरीच्या तोंडावर झडपांचा जो जुडगा बसतो त्याला या धंद्यात ख्रिसमस ट्री म्हणतात. त्यातल्या मुख्य झडपेत पोलादाची एक जाड पाटी असते आणि पाटीला गोल भोक. भोक नळीच्या रेषेत आलं की तेल वाहतं, पाटी सरकली की वाट बंद. पाटीमागे दट्ट्या असतो आणि दट्ट्याला रेटून धरणारी दणकट स्प्रिंग. वरून बारीक नळीतून दाबाखाली द्रव सोडला की दट्ट्या स्प्रिंगला दाबतो आणि झडप उघडते. ती उघडी राहावी म्हणून दाब सतत टिकवावा लागतो. नळी तुटली, वरचा पंप बंद पडला किंवा वादळात रिग सुटून गेला, तर दाब उतरतो, स्प्रिंग पाटीला परत ढकलते आणि विहीर मिटते. हात सोडला की आपोआप लागणाऱ्या दारासारखी. कोणाला हुकूम द्यावा लागत नाही, वीज लागत नाही, माणूस तर जवळपासही नसतो. बिघाड होणार हे गृहीत धरून, तो झालाच तर सुरक्षित बाजूलाच व्हावा, ही या रचनेमागची समज मला फार मोलाची वाटते.

पण मनोरा वाचवला म्हणून सगळा खर्च वाचतो असं नाही. मनोऱ्यावरची झडप अडली तर माणूस पाना घेऊन जातो. तळावरची अडली तर आज रोबो उतरवतात. सत्तरच्या दशकात पाणबुडे जात. ते हेलियम आणि ऑक्सिजनच्या मिश्रणावर जगत, तळाइतक्याच दाबाच्या कोठडीत दिवसच्या दिवस राहत, आणि काम संपल्यावर बाहेर यायलाही तीन-चार दिवस लागत. उत्तर समुद्राने त्या वर्षांत अनेक पाणबुड्यांचा बळी घेतला. स्वस्त तेलाच्या हिशेबात ती किंमत कुठल्याच रकान्यात बसत नाही.

शिवाय तळाचं पाणी थंड. तेलातलं मेण पाइपच्या आतून साचत जातं. वायू आणि पाणी दाबाखाली एकत्र आले की शून्याच्या वरच्या तापमानालाही बर्फासारखे खडे धरतात आणि पाइप तुंबतो. ते टाळायला मेथॅनॉल सोडावं लागतं, पाइपला गरम कपडे चढवावे लागतात. अर्गाइलला आणखी एक अडचण होती. तेल साठवायला जागा नव्हती, त्यामुळे हिवाळी लाटांत टँकर टिकेना झाला की उत्पादनच थांबवावं लागे.

तरीही अर्गाइल 1992 पर्यंत चाललं, सात कोटींहून जास्त पिंपं देऊन बंद झालं. उरलेलं तेल मात्र लोकांना स्वस्थ बसू देईना. 2003 मध्ये ते अर्डमोर या नावाने पुन्हा उघडलं आणि 2005 मध्ये मिटलं. मग एनक्वेस्ट या कंपनीने त्याचं नाव अल्मा ठेवलं, जुनं तेलजहाज दुरुस्त करून आणलं, विहिरींत विजेचे पंप उतरवले. योजना आखली तेव्हा पिंप शंभर डॉलरच्या वर होतं. काम लांबलं, आणि 2015 मध्ये तेल आलं तेव्हा भाव पन्नासच्या आसपास. त्यात पंप वारंवार बंद पडले. जमिनीखाली खोलवरचा पंप बदलायचा म्हणजे पुन्हा रिग आणायचा, आणि लहान क्षेत्राला तेच पेलत नाही. 2020 मध्ये अल्माही थांबलं.

आधीच सापडलेल्या लहान क्षेत्रांसाठी भारताने 2015 मध्ये वेगळं धोरण आणलं. त्यात मुंबईसमोरच्या समुद्रातली क्षेत्रंही आहेत. आपल्याकडे तळ इतका थंड नाही, पण पावसाळ्याचे चार महिने समुद्रात जड काम करता येत नाही. एखादा भाग उशिरा आला तर सगळा हंगाम हातचा जातो. ही क्षेत्रं उघडावीत असंच मला वाटतं, कारण आपण बहुतेक तेल आयात करतो. मात्र पहिली विहीर खोदण्याआधी शेवटची विहीर सिमेंटने बुजवण्याचे पैसे बाजूला काढलेले असावेत, आणि हिशेब चढ्या भावावर नव्हे, पडलेल्या भावावर मांडलेला असावा. झडप बनवणाऱ्यांनी बिघाड आधीच धरून ठेवला. पैसा लावणाऱ्यांनीही तो धरला पाहिजे.