दहशतवाद वर्गात शिकवताना

दहशतवाद, त्याचा प्रतिबंध आणि स्थलांतराचे धोरण हे विषय विद्यार्थ्यांपुढे मांडताना व्याख्येपासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. बंगळूरच्या अध्यापकाला मात्र त्याच्या शहराने दोन प्रसंग आयते पुरविले आहेत. व्याख्येपूर्वी ते सांगणे अधिक हिताचे.

२८ डिसेंबर २००५ रोजी सायंकाळी भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात, परिषदेतून बाहेर पडणाऱ्या विद्वानांवर गोळीबार झाला. दिल्लीचे गणिताचे निवृत्त प्राध्यापक एम. सी. पुरी मृत्युमुखी पडले. काहीजण जखमी झाले. शहर हादरले, परंतु त्या भयाने रेल्वे स्थानकावर गर्दी लोटली नाही.

ती लोटली ऑगस्ट २०१२ मध्ये. आसामातील कोक्राझार भागात जुलैमध्ये दंगली उसळल्या होत्या. त्यांचा सूड दक्षिणेत राहणाऱ्या ईशान्य भारतीयांवर उगवला जाणार, अशा वार्ता भ्रमणध्वनीवरून पसरल्या. म्हैसुरात एका तिबेटी तरुणाला भोसकल्याच्या बातमीने त्यांत भर घातली. बंगळुरात ना स्फोट झाला, ना गोळी सुटली. तरीही विद्यार्थी, पहारेकरी, उपाहारगृहांतील सेवक हजारोंच्या संख्येने निघाले आणि रेल्वेला गुवाहाटीसाठी खास गाड्या सोडाव्या लागल्या. १७ ऑगस्टला केंद्र सरकारने लघुसंदेशांवर पंधरा दिवसांसाठी पाचांची मर्यादा घातली. तोवर पुष्कळजण घराच्या वाटेला लागले होते.

आता व्याख्येकडे वळावे. १९६७ च्या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याचे पंधरावे कलम, २००४ पासूनच्या सुधारित रूपात, हेतू आणि साधन या दोहोंकडे पाहते. लोकांत दहशत पसरविण्याचा इरादा किंवा तशी शक्यता हवी, तसेच स्फोटके, शस्त्रे किंवा जीवित-वित्ताची हानी घडवू शकणारे अन्य कोणतेही साधन हवे. पहिला प्रसंग त्यात सहज बसतो. दुसऱ्यात दहशत आहे, शस्त्र नाही. त्याला दहशतवाद म्हणावे काय, यावर वर्गात वाद होऊ द्यावा. अध्यापकाने निकाल देण्याची घाई करू नये.

स्थलांतराचा पाठही त्याच फलाटावर सापडतो. गाडीत बसलेले ते लोक परकीय नव्हते. देशात कोठेही संचार करण्याचे व वसण्याचे स्वातंत्र्य त्यांना संविधानाच्या १९ व्या कलमाने दिलेले आहे. म्हैसूर जिल्ह्यातील बैलकुप्पे येथे १९६० नंतर वसविलेल्या तिबेटी निर्वासितांची गोष्ट वेगळी. भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर स्वाक्षरी केलेली नाही. त्यांना मिळालेला आश्रय हा शासनाच्या निर्णयाचा भाग होय. परवान्याविना आलेला परदेशी हा तिसराच. बोलण्यात मात्र या तिघांनाही ‘बाहेरचे’ हा एकच शब्द पुरतो. म्हैसुरातील त्या तिबेटी तरुणाची कागदपत्रे कोणती होती, हे सुरा उगारणाऱ्याने विचारले नव्हते. परीक्षेत घालण्याजोगा प्रश्न त्या फलाटावरचाच आहे : गुवाहाटीच्या गाडीत चढणारा पहारेकरी या तिघांपैकी कोण, आणि त्याने निर्धास्तपणे कामावर राहावे म्हणून शासनाने आधीच काय करावयास हवे होते?