प्रसाधनांतील दाटपणा

चमचाभर सब्जा पाण्यांत भिजत घातला, तर थोड्याच वेळांत भांडें बुळबुळीत दाण्यांनीं भरून जातें. इसबगोलाचेंही तसेंच. वनस्पतींच्या ठायीं असलेला हा गुण मनुष्यानें कारखान्यांत साधला असून, चेहऱ्यास लावावयाचीं, केस बसविण्याचीं व हात निर्जंतुक करण्याचीं जीं पारदर्शक 'जेलें' बाजारांत मिळतात, त्यांपैकीं पुष्कळांचा दाटपणा ह्या कृत्रिम गुणावरच उभा असतो. ह्या जेलाचा तुरुंगाशीं संबंध नाहीं. पण पाणी मात्र त्यांत खरोखरच कोंडलेलें असतें. डबीवरील बारीक अक्षरांच्या यादींत 'कार्बोमर' हा शब्द आढळला, कीं पाणी कोंडणारा कोण तें कळतें.

कार्बोमर हें एक बहुवारिक आहे. बहुवारिक म्हणजे लहान लहान रेणू एकापुढें एक जोडून केलेली लांबच लांब साखळी. येथें ती ॲक्रिलिक आम्लाची असते. नुसत्या साखळ्या पाण्यांत विरघळून गेल्या असत्या. म्हणून त्या मधून मधून एकमेकींस बांधाव्या लागतात. साखरेपासून सिद्ध केलेल्या एका संयुगानें ही बांधणी करण्याची कृति अमेरिकेंतील बी. एफ. गुडरिच कंपनीच्या १९५७ सालच्या पेटंटांत वर्णिली आहे. ही कंपनी मोटारींच्या टायरांबद्दल प्रसिद्ध. टायरवाल्यांचा पदार्थ पुढें नाजूक प्रसाधनांत जाऊन बसावा, ही रसायनशास्त्राची एक गंमतच म्हणावयाची.

कार्बोमर ही पांढरी, हलकी पूड असते. ती पाण्यांत टाकली असतां पाणी आम्लधर्मी होतें, परंतु पातळच राहतें. कारण साखळ्या गुंडाळलेल्या असतात. त्यांत अल्कलीचे चार थेंब पडतांच चमत्कार घडतो. साखळीवरील आम्लगटांवर ऋण विद्युद्भार येतो, सजातीय भार एकमेकांस दूर लोटतात, गुंडाळी उलगडते आणि मधल्या पोकळींत पाणी शिरतें. गांठी असल्यामुळें साखळ्या सुटून जाऊं शकत नाहींत. शंभर ग्रॅम जेल होण्यास बहुधा अर्धा ग्रॅम पूड पुरते!

ह्याचा उलट प्रयोग कोणत्याही घरीं करतां येईल. असलें जेल बशींत घेऊन त्यावर चिमूटभर मीठ टाकावें व ढवळावें. पाहतां पाहतां त्याचें पाणी होतें. मिठांतील धनभारित कण साखळीवरील ऋणभारांभोंवतीं गोळा होतात, परस्परांस लोटण्याचा जोर ओसरतो आणि कोंडलेलें पाणी सुटतें. (दाटपणा डिंकासारख्या अन्य द्रव्याचा असेल, तर असें होणार नाहीं.) त्वचेवरील घामांतही मीठ असतेंच. त्यामुळें बोटानें लावतांच जेल विरघळल्यासारखें वाटतें, आणि 'त्वचेनें औषध लगेच शोषून घेतलें' असा ग्राहकाचा समज होतो. वस्तुतः कार्बोमराचा रेणू एवढा प्रचंड असतो, कीं तो निरोगी त्वचेंतून आंत जात नाहीं. तो वरच राहतो. तो त्वचेचें अन्नही नव्हे व औषधही नव्हे.

कोरफडीचें उदाहरण घ्यावें. पानांतून काढलेला ताजा गर कांहीं वेळानें आपोआप पातळ होऊं लागतो. बाजारांतील कोरफडीचें जेल महिनोन्महिने घट्ट राहतें तें बहुधा अशा दाटपणा आणणाऱ्या द्रव्याच्या बळावर. तेव्हां घट्ट म्हणून कोरफड जास्त, हा हिशेब चुकीचा. २०२० सालच्या साथींत हाच गैरसमज हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाबाबत दिसला. जंतु मारतो तो मद्यार्क, आणि तोही शेंकडा ६० हून कमी असूं नये. त्या वर्षीं कार्बोमराची टंचाई पडली; पण जागतिक आरोग्य संघटनेनें सुचविलेल्या मिश्रणांत तें मुळींच नव्हतें. तें मिश्रण पाण्यासारखें पातळ होतें, म्हणून कमी गुणकारी नव्हतें.

मग हें द्रव्य अपायकारक आहे काय? १९८२ सालीं अमेरिकेंतील तज्ज्ञमंडळानें प्रसाधनांतील वापरासाठीं तें निर्धोक ठरविलें, आणि शुष्क डोळ्यांत घालावयाच्या कांहीं औषधांतही तें वापरतात. चिंतेची जागा निराळी आहे. कांहीं जुन्या प्रकारचें कार्बोमर तयार करतांना बेंझीन हा द्रावक वापरीत, व त्याचा अंश पुडींत मागें राहतो. बेंझीन रक्ताचा कर्करोग उत्पन्न करतें, हें निर्विवाद आहे. पूड अल्प असल्यानें जेलांत हा अंश पुष्कळच विरळ होतो हें खरें. परंतु जी वस्तु रोज अंगास लावावयाची, तिच्याबाबत एवढ्यानें समाधान मानणें बरें नव्हे, विशेषतः बेंझीनरहित प्रकार उपलब्ध असतांना. अमेरिकेच्या औषध-नियंत्रक खात्यानें डिसेंबर २०२३ मध्यें, बेंझीन वापरून केलेलें कार्बोमर ज्या औषधांत आहे, त्यांचे उत्पादक तें कसें बदलूं शकतील, ह्याविषयीं मार्गदर्शन प्रसिद्ध केलें. नव्या प्रकारांत एथिल ॲसिटेट व सायक्लोहेक्झेन हे द्रावक घेतात.

अडचण एवढीच, कीं प्रसाधनाच्या डबीवर जुन्या प्रकारास व नव्या प्रकारास 'कार्बोमर' हें एकच नांव छापलें जातें. मिठाचा प्रयोगही ह्या दोहोंतील भेद दाखवूं शकत नाहीं. तो जाणून घ्यावयाचा, तर डबीवरील पत्त्यावर उत्पादकास पत्र लिहून, कार्बोमर कोणत्या द्रावकांत केलेलें आहे, एवढें एकच विचारावें.