हरभऱ्याचे प्रात्यक्षिक : शेजारी जुन्या पद्धतीचा तुकडा हवाच



कडधान्यांची समूह आद्यरेषा प्रात्यक्षिके कृषी विज्ञान केंद्रांमार्फत 2015-16 पासून होत आहेत. एकरभर रानात पेरणी होते, बांधावर पाटी लागते, शेतीदिन होतो. पण मळणीच्या दिवशी वजन करायला कोण हजर असते?

विस्ताराच्या कामात नवा असताना मी सडकेलगतचे, विहिरीवरचे काळे रान प्रात्यक्षिकाला निवडले. पीक जोरदार आले. शेतीदिनाला एक म्हातारे बाबा म्हणाले, "साहेब, हे तर पाण्याचं रान. पीक पाण्यानं आलं का तुमच्या पद्धतीनं?" मला उत्तर देता आले नाही. शेजारी जुन्या पद्धतीचा तुकडाच ठेवला नव्हता. चूक माझीच होती.

तेव्हा यंदा एकाच रानाचे दोन सारखे तुकडे करा. एकात तुमची नेहमीची रीत, दुसऱ्यात सुधारित पद्धत. पेरणी एकाच दिवशी करा.

सुधारित तुकड्यात एवढे सांभाळा :

वाण मर रोगाला प्रतिकारक घ्या. विजयचे एकरी 26 ते 28 किलो, तर टपोऱ्या दाण्याच्या दिग्विजयचे 40 किलो बियाणे लागते. किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा. मग 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम रायझोबियम गुळाच्या थंड पाण्यात कालवून लावा. बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरा.

दोन ओळींत 30 आणि दोन रोपांत 10 सेंटिमीटर अंतर ठेवा. डीएपीची 50 किलोची एक गोणी एकराला पेरून द्या, फोकू नका.

भारी जमिनीत दोन पाणी पुरे. पहिले 30 ते 35 दिवसांनी, दुसरे 65 ते 70 दिवसांनी. रानाला भेगा पडेपर्यंत थांबू नका. आणि पाणी तुंबले तर पीक उधळलेच म्हणून समजा.

घाटेअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावा, पाखरांना बसायला काठ्या रोवा. फुलोरा सुरू होताच 5 टक्के निंबोळी अर्काची फवारणी करा. अळी लहान असतानाच आवरते, घाट्यात शिरली की औषध वाया जाते.

आता मुख्य काम. दोन्ही तुकड्यांची मळणी वेगळी करा आणि माल एकाच काट्यावर तोला. बियाणे, खत, औषध आणि मजुरी दोन्हीकडची लिहून ठेवा. उतारा वाढला, पण खर्च त्याहून जास्त वाढला, तर काय उपयोग?

सरपंच आणि पोलीस पाटील यांना विनंती, वजनाच्या दिवशी खळ्यावर या. आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. सुधारित तुकडा कमी भरला तरी लिहा. कुठे चुकले ते आम्हालाही कळायला हवे, आणि पुढच्या रब्बीला गावानेच ठरवावे.