आपल्या हातात काय आहे?

मैत्रिणींनो, तत्त्वज्ञान म्हटलं की ‘ते आपलं काम नव्हे’ म्हणून आपण चटकन पान उलटतो. पण एपिक्टीटस हा ग्रीक तत्त्वज्ञ काही गादीवर बसलेला पंडित नव्हता. इसवी सन ५०च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानात जन्मलेला हा माणूस रोममध्ये गुलाम होता, पायानं अधू होता. गुलामीतून सुटल्यावर पुढे ग्रीसमधल्या निकोपोलिस इथं त्यानं शाळा काढली. त्यानं स्वतः काही लिहून ठेवलं नाही. एरियन या शिष्यानं त्याची शिकवण टिपून ठेवली, म्हणून ती उरली.

काय होती ही शिकवण? तांदूळ निवडतो ना आपण, तसं मनातलं निवडायचं. आपले विचार, आपलं वागणं हे आपल्या हातातलं. लोकांची मतं, मानपान, दुखणीखुपणी ही हाताबाहेरची. आणि मनस्ताप होतो तो घटनेपेक्षा आपण तिचा जो अर्थ लावतो त्यानं.

हे सगळं संपूर्णपणे इंग्रजीत प्रथम आणलं ते एका बाईनं, बरं का! इंग्लंडमधल्या डील गावची एलिझाबेथ कार्टर. धाकट्या भावाचा अभ्यास घ्यायचा, घरचं शिवणटिपण उरकायचं आणि उरल्या वेळात ग्रीकचं भाषांतर! १७५८ साली पुस्तक निघालं, त्यानं तिला जवळजवळ हजार पौंड मिळवून दिले. डॉ. सॅम्युअल जॉन्सन तर तिच्या पुडिंगचं आणि भाषांतराचं कौतुक एका दमात करत!

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॉ. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली आपली मानसोपचार पद्धती सुरू केली, तीही याच शिकवणीच्या आधारानं. डॉ. किशोर फडके यांनी ती महाराष्ट्रात रुजवली. समजा, शेजारणीनं हळदीकुंकवाला बोलावलं नाही. ‘तिनं बोलवायलाच हवं होतं!’ हा ‘च’ रात्रभर जाळतो. ‘बोलावलं असतं तर बरं वाटलं असतं’ असं म्हणून पाहा. वाईट वाटेल, पण झोप लागेल.

मात्र एक सांगते. ‘मनाला लावून घेऊ नकोस’ हा उपदेश बायकांना फार लवकर केला जातो. घरात मारहाण होत असेल, छळ होत असेल, तर तो मुळीच ऐकू नका. दुसऱ्याचा स्वभाव हाताबाहेरचा असेल. पण माहेरी सांगणं, वकिलाला गाठणं, १८१ या महिला मदत क्रमांकावर फोन करणं हे आपल्याच हातातलं आहे. हाताबाहेरचं सोडणं म्हणजे मुकाट्यानं सोसणं नव्हे.

आज हिशेबाच्या वहीचं मागचं पान उघडा, मधोमध रेघ मारा. डावीकडे हाताबाहेरच्या काळज्या लिहा, उजवीकडे हातातल्या. उजवीकडची एक तरी गोष्ट उद्या करून टाका. डावीकडच्या निदान रात्रीपुरत्या वहीतच राहू द्यात!