किलो समजून पौंड भरले, आणि ४१ हजार फुटांवर विमानाचं इंधन संपलं!

२३ जुलै १९८३. एअर कॅनडाचं बोईंग ७६७ विमान मॉन्ट्रिअलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. आत ६९ माणसं होती. ४१ हजार फुटांवर असताना कॉकपिटमध्ये इंधनाचा दाब कमी झाल्याचा इशारा वाजला. वैमानिकांनी विमान विनिपेगकडे वळवलं, पण तिथे पोहोचण्याआधीच एक इंजिन बंद पडलं आणि पाठोपाठ दुसरंही. विमान नवंकोरं, इंजिनं ठणठणीत, पण टाक्या रिकाम्या!

गळती नव्हती, चोरीही नव्हती. चुकला होता तो एक गुणाकार.

झालं असं, की या विमानाची इंधन मोजणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बिघडली होती. त्यामुळे मॉन्ट्रिअलला जुन्या पद्धतीने, मोजपट्टी वापरून टाक्या तपासल्या गेल्या. ७,६८२ लिटर इंधन शिल्लक निघालं. प्रवासासाठी हवं होतं २२,३०० किलो.

आता एकीकडे लिटर आणि दुसरीकडे किलो, हा घोळ कशासाठी? टँकरमधून इंधन भरताना ते लिटरमध्ये मोजतात. पण तापमान बदललं की इंधन प्रसरण किंवा आकुंचन पावतं, म्हणजे लिटर बदलतात. किलो बदलत नाहीत. विमान किती लांब जाईल हे किलोवर ठरतं, म्हणून लिटरचे किलो करावेच लागतात.

त्यासाठी एका लिटर इंधनाचं वजन माहीत हवं. इंधनाच्या पावतीवर आकडा होता १.७७. सगळ्यांनी तोच वापरला. आकडा बरोबरच होता, फक्त तो पौंडांचा होता! कॅनडात तेव्हा मेट्रिक पद्धत नव्याने येत होती. एअर कॅनडाची जुनी विमानं पौंडांवर चालायची आणि नवं ७६७ किलोवर. किलोसाठी आकडा हवा होता ०.८०३.

मग हिशोब असा झाला: ७,६८२ गुणिले १.७७ म्हणजे १३,५९७ ‘किलो’ आधीच आहेत. उरले ८,७०३. त्यांना १.७७ ने भागून ४,९१७ लिटर भरले. खरं तर टाकीत होते जेमतेम ६,१६९ किलो आणि भरायला हवे होते सुमारे २०,०८८ लिटर. विमान उडालं तेव्हा कागदावर २२,३०० होते, पण पौंड. म्हणजे साधारण १०,११५ किलो, गरजेच्या निम्म्याहूनही कमी.

ओटावाला पुन्हा मोजणी झाली. तीही १.७७ धरूनच. चुकीच्याच आकड्याने केलेल्या फेरतपासणीत चूक सापडणार कशी? शिवाय जुन्या विमानांत इंधनाचा हिशोब बघायला तिसरा माणूस, फ्लाइट इंजिनिअर असायचा. ७६७ मध्ये दोनच वैमानिक होते आणि ही जबाबदारी नेमकी कुणाची, हे धड ठरलेलंच नव्हतं.

खरं तर चूक पकडायला कॅल्क्युलेटरही लागला नसता. विमानाचं इंधन म्हणजे रॉकेलचाच भाऊ. रॉकेल पाण्यावर तरंगतं, हे कंदील पुसलेल्या कुठल्याही आजीला माहीत आहे. एक लिटर पाणी एक किलो भरतं. मग त्याहून हलकं इंधन लिटरला १.७७ किलो कसं भरेल?

पौंड तसंही फसवं एकक आहे. १ पौंड म्हणजे नेमके ०.४५३५९२३७ किलो, इथवर सोपं. पण इंग्रजी पद्धतीत पौंड हे वस्तुमानाचंही एकक आहे आणि बलाचंही. हा गोंधळ टाळायला इंजिनिअर मंडळींनी वस्तुमानासाठी ‘स्लग’ नावाचं एकक काढलं. एक पौंड बल लावल्यावर ज्याचा वेग दर सेकंदाला एक फूट प्रतिसेकंदाने वाढतो, ते वस्तुमान एक स्लग. ते भरतं ३२.१७४ पौंड, म्हणजे सुमारे १४.५९ किलो. बल पौंडात असताना सूत्रात स्लगच्या जागी पौंड घातले, तर उत्तर थेट ३२ पटींनी चुकतं. त्यामुळे जुन्या अमेरिकी ड्रॉइंगवर नुसतं ‘पौंड’ दिसलं, की हे बल आहे की वस्तुमान, ते आधी विचारायचं. किलो करायचे ते त्यानंतर.

आता पुन्हा त्या विमानाकडे. कॅप्टन बॉब पिअरसन यांना ग्लायडर उडवायचा अनुभव होता, हे प्रवाशांचं नशीब. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांना गिमली इथला हवाई दलाचा जुना तळ आठवला, तिथे त्यांनी पूर्वी काम केलं होतं. त्यांना माहीत नव्हतं ते एवढंच, की तिथल्या एका धावपट्टीवर आता गाड्यांच्या शर्यती होतात, आणि त्या दिवशीही तिथे लोक पोराबाळांसह आले होते. इंजिनांच्या आवाजाशिवाय एक अवाढव्य विमान त्यांच्या दिशेने उतरलं. पुढचं चाक नीट लॉक झालं नव्हतं, त्यामुळे नाक जमिनीवर घासत गेलं आणि विमान लवकर थांबलं.

कुणाचाही जीव गेला नाही. काहींना किरकोळ दुखापती झाल्या. ‘गिमली ग्लायडर’ असं नाव पडलेलं ते विमान दुरुस्त होऊन पुढे २००८ पर्यंत सेवेत राहिलं.