अमोनियाचा वायु व बर्फकारखान्यांतील कामगार

अर्नाळ्याच्या मासळीस बर्फ लागतो, शेतमाल शीतगृहांत ठेवावा लागतो. आणि अशा मोठ्या यंत्रांत बहुधा अमोनिया असतो. बोळिंजकडील कोणाचा मुलगा अशा कामास जात असल्यास पुढील गोष्टी त्यास अवश्य सांगाव्या.

गोठ्यांत मूत्र कुजतांना नाकास झोंबतो तोच हा वायु. थोडा असतां वासानें सावध करितो. फार झाल्यास डोळे व फुफ्फुसें जाळून प्राण घेतो. १५ मार्च २०१७ रोजीं कानपूरजवळ शिवराजपूर येथें बटाट्यांचें शीतगृह कोसळलें, अमोनिया पसरला व मजूर दगावले.

द्रवरूप अमोनिया उणे ३३ अंशांवरच उकळतो. सबब सांडलेल्या द्रवावर पाणी ओतूं नये. तो अधिकच उसळतो. अंगास वा डोळ्यांस लागल्यास मात्र निदान १५ मिनिटें भरपूर पाण्यानें धुवावें.

यंत्रांतील तेल काढण्याचें काम फार जोखमीचें. तें एकट्यानें करूं नये. गळती होतांच वाऱ्यास आडवें होऊन बाहेर पडावें. हवेची टाकी असलेला मुखवटा दाराबाहेर टांगावा. आंत ठेविलेला वेळेस हातीं लागत नाहीं. त्यावांचून पडलेल्या सोबत्यामागें धांवणारा बहुधा दुसरा बळी होतो.

हें वाचून नव्हे, वारंवार सराव करूनच अंगीं बाणतें. म्हणून मजुरी किती, हें विचारण्यापूर्वीं सराव केव्हां होतो, हें मुलानें विचारावें, असें आम्ही सुचवितों.