उजेड गाळणारी तावदाने : कागद, प्लॅस्टिक की शिंपला?

म्हैसूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, कोडगूच्या सीमेजवळ असलेल्या बैलकुप्पे येथे १९६१ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्याने दिलेल्या जमिनीवर तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. १९९९ मध्ये खुले झालेले तेथील सुवर्ण मंदिर पाहण्यास जाणाऱ्यांचे डोळे भव्य मूर्तींवर खिळतात. तिबेटी वास्तुकलेतील खिडकी मात्र दुर्लक्षितच राहते. खाली रुंद व वर निमुळत्या होत जाणाऱ्या काळ्या पट्ट्याने वेढलेल्या या खिडकीच्या लाकडी जाळीवर, काच दुर्मीळ होती त्या काळी, तिबेटात हाताने बनविलेला कागद चिकटविला जात असे. ऊन अडत नसे, पण डोळ्यांवरही येत नसे.

घरसजावटीत अर्धपारदर्शक फलकांना सध्या जी मागणी आहे, तिचे मूळ याच गुणात आहे. दिवाणखाना व जेवणाची जागा यांमध्ये भिंत घातली की उजेड तुटतो आणि भरदिवसा दिवा लावावा लागतो. फलक लावल्यास आडोसाही मिळतो आणि उजेडही. कागदातून प्रकाश असा गाळून येण्याचे कारण त्याच्या रचनेत आहे. तंतू आणि तंतूंमधील हवा यांच्या सीमेवर किरण पुनःपुन्हा वळतात व सर्वत्र विखुरतात. कागदावर तेलाचा थेंब पडला की तो भाग पारदर्शक दिसू लागतो, तो हवेची जागा तेलाने घेतल्यामुळे.

तथापि, ‘पर्यावरणस्नेही’ हे विशेषण केवळ वस्तू नैसर्गिक आहे म्हणून लागू होत नाही. तिबेटचा पारंपरिक कागद मुख्यतः स्टेलेरा या वनस्पतीच्या मुळांपासून होतो. ही मुळे विषारी असल्याने कागदाला कीड लागत नाही. परंतु मूळ खणले की झाड संपते आणि गवताळ जमीनही उकरली जाते. नेपाळातील लोकता कागद झुडपाच्या सालीपासून होतो. बुंधा राखून फांद्या कापल्या, तर काही वर्षांत झुडूप पुन्हा वाढते. दिसायला दोन्ही कागद जवळजवळ सारखेच, पण निसर्गाला पडणारी किंमत निराळी. महाराष्ट्रातील वाचकांना याहून जवळचा पर्याय आहे. पुण्यातील हातकागद संस्था १९४० पासून सुती चिंध्यांचा कागद बनवीत आली आहे. शिवणकामातील कतरण कच्चा माल म्हणून वापरल्यास झाड तोडावेच लागत नाही.

कागदाचा शत्रू ओल. तिबेटच्या कोरड्या हवेत जी खिडकी चालली, ती बैलकुप्पे येथील नैऋत्य मोसमी पावसात उघड्यावर टिकणे कठीण. कोकणाबद्दल तर बोलायलाच नको. म्हणून कागदी फलक घराच्या आतील बाजूस, स्वयंपाकघर व न्हाणीघरापासून दूर लावणे योग्य. मागे दिवा बसवायचा असल्यास तापणाऱ्या बल्बऐवजी एलईडी वापरावा व कागदापासून अंतर ठेवावे. चिकटविण्यासाठी खळ वापरल्यास फाटलेला ताव सोलून नवा लावता येतो. जपानी घरांतील शोजी सरकदारांचा कागद वर्षअखेरीस असाच बदलण्याची प्रथा आहे.

बाजारात वाळलेली पाने, गवत किंवा फुले दोन प्लॅस्टिक थरांत दाबलेले फलकही मिळतात. जाहिरातीत पानांचे कौतुक असते, वजनात मात्र प्लॅस्टिकच अधिक. पान आणि प्लॅस्टिक वेगळे करता येत नसल्याने असा फलक ना कुजतो, ना सहज भंगारात खपतो. तो ओल सोसतो, दीर्घकाळ टिकतो, हे त्याच्या बाजूने मान्य करावे लागेल. पण दर चार वर्षांनी सजावट बदलणाऱ्या घरात या टिकाऊपणाचा उपयोग काय?

सर्वांत अवघड प्रश्न शिंपल्यांचा आहे. पोर्तुगीज काळातील गोव्याच्या घरांत लाकडी पट्ट्यांमध्ये शिंपल्यांचे पातळ, चौकोनी तुकडे बसविलेल्या खिडक्या होत्या. काही जुन्या घरांत त्या आजही दिसतात. प्लॅकुना प्लॅसेंटा या सपाट कालवाचे हे शिंपले पावसाला दाद देत नाहीत आणि दुपारचे ऊन दुधाळ करून आत सोडतात. काच स्वस्त झाल्यावर ही कला मागे पडली. आता वारसा म्हणून तिला पुन्हा मागणी येत असली, तरी हे कालव २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचीत समाविष्ट झाले आहे. झुआरी नदीच्या मुखाजवळील चिखली उपसागर हे त्याच्या उरलेल्या वस्तीस्थानांपैकी एक. त्यामुळे नव्या शिंपल्यांचा फलक कोणी ‘नैसर्गिक’ म्हणून पुढे केला, तर माल कोठून आला हे आधी विचारावे. जुन्या खिडकीची डागडुजी करताना निखळलेले तुकडे फेकून न देता जपून ठेवावेत. पुढच्या दुरुस्तीला तेच उपयोगी पडतात.